हवेतला विरळ वायू मोजायचा आहे: रिंग-डाऊन, डोआस की बहुफेरी पेटी?

शहरातल्या हवेत १० पीपीबी, म्हणजे अब्ज रेणूंमागे दहा, इतका नायट्रोजन डायऑक्साइड आहे असे धरू. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश या हवेतून एक मीटर गेला, तर त्याचा जेमतेम ऐंशी हजारावा भाग शोषला जातो. साध्या दिव्याचा उजेड क्षणोक्षणी याहून जास्त कमी-अधिक होत असतो. म्हणून एक मीटरच्या नळीत वायूची खूण दिव्याच्या चंचलपणात बुडून जाते. तीच वाट ५ किलोमीटरांची केली की शोषण सहा टक्क्यांच्या घरात जाते, आणि सहा टक्के पदवीच्या प्रयोगशाळेतही मोजता येतात.

वाट लांबवण्याच्या तीन रीती आज रूढ आहेत. विभागासाठी यांतले एकच यंत्र घ्यायचे असेल, तर माहितीपत्रकातला संवेदनशीलतेचा आकडा आधी बघू नका. आधी हे विचारा: माझा वायू नळीतून यंत्रापर्यंत शाबूत पोहोचतो का? माझ्या मते निम्म्याहून अधिक निवड या एका प्रश्नावर होते.

कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन पोहोचतात. गोव्यात काब द राम इथे १९९३ पासून हवा काचेच्या बाटल्यांत भरून तपासणीसाठी ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेकडे पाठवली जात असे. पावसाळ्यात तिथे दक्षिण गोलार्धाकडून समुद्रावरची हवा येते आणि मिथेन खाली उतरतो, हे त्याच बाटल्यांतून दिसले. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेनेही सिंहगडावर अशा बाटल्या भरल्या. जो वायू बाटलीत समुद्रापार टिकतो, तो दहा मीटरच्या नळीतही टिकणार. याउलट नायट्रेट रॅडिकल हा अतिशय क्रियाशील कण नळीच्या भिंतीला लागला की नाहीसा होतो. नायट्रस आम्ल तर भिंतीवर नष्टही होते आणि तयारही होते, म्हणजे यंत्र नळीतली रसायनक्रिया मोजत बसते.

रिंग-डाऊन: उजेड नव्हे, वेळ मोजायची

दोन (किंवा तीन) अतिशय चकचकीत आरशांच्या पोकळीत लेसर सोडायचा, मग तो बंद करायचा आणि आत अडकलेला प्रकाश किती वेळात विझतो ते पाहायचे. देवळातल्या घंटेचा नाद विरत जातो, तसा हा प्रकाश विरतो, आणि पोकळीत शोषणारा वायू असेल तर लवकर विरतो. आरसे ९९.९९ टक्के परावर्तक असतील आणि त्यांच्यात ५० सेंटिमीटर अंतर असेल, तर रिकाम्या पोकळीत विझण्याचा काळ सुमारे १७ मायक्रोसेकंद असतो. तेवढ्यात प्रकाश ५ किलोमीटर चालून येतो. अँथनी ओ'कीफ आणि डेव्हिड डीकन यांनी १९८८ मध्ये ही युक्ती ऑक्सिजनच्या क्षीण शोषणपट्ट्यांवर करून दाखवली. मोजायचा आहे तो काळ, म्हणून लेसरचा उजेड थोडा कमी-जास्त झाला तरी उत्तर हलत नाही. हवाईच्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये साध्या अवरक्त विश्लेषकावर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली होती. त्याच ठिकाणी नोआ या अमेरिकी हवामान-सागर संस्थेने एप्रिल २०१९ पासून रिंग-डाऊन यंत्र लावले आहे.

या पद्धतीला माझी पहिली पसंती आहे, पण तिच्या अटी नीट समजून घ्या. पोकळी प्रकाशाची एकूण घट सांगते. ती घट वायूमुळे, धुळीमुळे की मळलेल्या आरशामुळे हे ती आपणहून सांगत नाही. मिथेनसाठी लेसर १.६५ मायक्रॉनजवळच्या शोषणरेषेवरून, म्हणजे वायू प्रकाश शोषतो त्या अरुंद पट्टीवरून, सरकवता येतो आणि रेषेबाहेरची घट वजा करता येते. एकाच तरंगलांबीवर नायट्रोजन डायऑक्साइड मोजत असाल, तर ठरावीक वेळाने त्या वायूविना हवा आत सोडून शून्य तपासावेच लागते. शोषण फार जोरदार असेल तर प्रकाश इतक्या झटकन विझतो की काळ मोजणेच कठीण होते. चिमणीच्या तोंडाशी हे यंत्र नेऊ नका.

मग पाणी. कोकणात जुलैत हवेतल्या शंभर रेणूंपैकी तीन पाण्याचे असू शकतात. कोरड्या हवेतला ४२० पीपीएम (दशलक्ष रेणूंमागे ४२०) कार्बन डायऑक्साइड अशा ओल्या हवेत ४०७ दिसेल. जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्यात उत्तर गोलार्धासाठी ०.१ पीपीएमची सुसंगती अपेक्षित असते, त्यापुढे तेरा पीपीएमची ही तूट प्रचंड आहे. बाष्पामुळे शोषणरेषा रुंदावतेही. म्हणून बाष्प त्याच यंत्रात मोजून केलेली दुरुस्ती, किंवा हवा आधी सुकवणे, यांतले एक हवेच.

यंत्राचे माप ज्यावर जुळवतात त्या प्रमाणित वायूच्या सिलिंडरबाबत आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही. नुसत्या नायट्रोजनात मिसळलेला वायू स्वस्त पडतो, पण रेषेची रुंदी आजूबाजूच्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या प्रमाणावर ठरते, त्यामुळे त्यावर बसवलेले यंत्र खऱ्या हवेत चुकते. शिवाय लेसर सहसा कार्बन-१२ च्याच रेषेवर असतो. सिलिंडरमधल्या वायूत समस्थानिकांचे प्रमाण हवेपेक्षा वेगळे असेल, तर तोही फरक उत्तरात शिरतो. सिलिंडर नैसर्गिक हवेचाच मागवा.

डोआस: हवा नळीत ओढायचीच नाही

डोआस म्हणजे भेदात्मक प्रकाशशोषण मापन. इमारतीवरून दिव्याचा झोत एखाद्या किलोमीटरवरच्या परावर्तकावर टाकायचा आणि परत आलेल्या प्रकाशाचा वर्णपट घ्यायचा. धूळ आणि धुके सगळ्या तरंगलांबींना सावकाश बदलत जाणाऱ्या प्रमाणात मंद करतात. वायूचे शोषण मात्र वर्णपटात बारीक दातरे पाडते. सावकाश बदलणारा भाग काढून फक्त दातरे जुळवली की वायू ओळखूही येतो आणि मोजताही येतो. उलरिच प्लाट आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही रीत घडवली आणि वातावरणातले नायट्रस आम्ल तिच्यातूनच प्रत्यक्ष दिसले. भिंत नाही, नळी नाही, त्यामुळे वर सांगितलेली नळीतली फसवणूक इथे संभवतच नाही. मापन प्रयोगशाळेत आधीच ठरलेल्या शोषण-काटछेदांवर (एक रेणू किती प्रकाश अडवतो त्या मापांवर) उभे असते, त्यामुळे सिलिंडरचा खर्चही वाचतो.

दिव्याऐवजी आकाशातला विखुरलेला सूर्यप्रकाश वेगवेगळ्या कोनांतून घेतला की मॅक्स-डोआस होते. प्रकाश नेमका किती चालून आला हे इथे ठाऊक नसते, आणि त्यावरचा तोडगा मला फार देखणा वाटतो. ऑक्सिजनचे दोन रेणू टकरीच्या वेळी जोडीने प्रकाश शोषतात आणि ४७७ नॅनोमीटरजवळ खूण सोडतात. हवेत ऑक्सिजन किती हे पक्के माहीत असल्यामुळे त्या खुणेवरून वाटेचा अंदाज बांधता येतो. हिंदी महासागरावरचे आयोडीन ऑक्साइड आयआयटीएमच्या संशोधकांनी याच पद्धतीने मोजले आहे. यंत्र लहान असते आणि वीज कमी खाते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. अतिनील किंवा दृश्य प्रकाशात दातरे पाडणारा वायूच चालतो: नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड, ओझोन. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडसाठी या पट्ट्यातले डोआस निरुपयोगी आहे. दाट धुक्यात आणि मुसळधार पावसात झोत परतत नाही. मॅक्स-डोआस रात्री बंद, आणि पावसाळी ढगांखाली त्याच्या वाटेचा हिशेब विस्कटतो. उत्तरही सबंध वाटेची सरासरी असते. शहराचे चित्र हवे असेल तर हा गुणच आहे, कारण एका चौकातली वाहतूक आकड्यावर स्वार होत नाही. तोच एक चौक हवा असेल तर दुसरे यंत्र बघा.

बहुफेरी पेटी

दोन अंतर्गोल आरशांमध्ये किरण दहापासून शेकडो वेळा फिरवायचा. जॉन व्हाइट यांची रचना १९४२ ची, डोनाल्ड हेरियट यांची १९६० च्या दशकातली. वाट दहा ते काहीशे मीटर, म्हणजे रिंग-डाऊनच्या मानाने तोकडी. पण क्वांटम कॅस्केड लेसरसारखे स्रोत मिळाल्यापासून मध्य-अवरक्त पट्टा खुला झाला आहे. तिथे मिथेन, नायट्रस ऑक्साइड यांच्या मूळ रेषा इतक्या जोरकस आहेत की तोकडी वाट पुरते. शेतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड सेकंदाला दहा वेळा मोजून वाऱ्याच्या झुळुकांशी ताडायचा असेल, तर हीच पेटी घ्या. मोठ्या पंपाची आणि त्याच्या विजेची सोय मात्र आधी करा. आरशांमधल्या भटक्या परावर्तनांनी उठणारे व्यतिकरण-पट्टे हे इथले कायमचे दुखणे आहे, तापमान हलले की तेही हलतात.

प्रकाश-ध्वनिक पद्धतीत वाट लांबवत नाहीत, शोषलेल्या प्रकाशाच्या उष्णतेने उठणारा आवाज ऐकतात. ती लहान जागेत बसते, पण लेसर जोरदार लागतो.

आता निवड. डोंगरावर किंवा किनाऱ्यावर वर्षानुवर्षे मिथेन-कार्बन डायऑक्साइडची नोंद ठेवायची असेल तर रिंग-डाऊन, आणि त्याच अंदाजपत्रकात सिलिंडर. शहरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडवर पीएच.डी. करायची असेल आणि पैसा बेताचा असेल तर मॅक्स-डोआस. जमिनीलगतचा रात्रंदिवस आकडा हवा असेल तर ४५० नॅनोमीटरजवळचे रिंग-डाऊनसारखे पोकळीयंत्र आणि टेफ्लॉनची आखूड नळी. मॉलिब्डेनमच्या रूपांतरकावर चालणारी नेहमीची यंत्रे नायट्रिक आम्लासारखी इतर संयुगेही नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये मोजतात. पोकळीयंत्र तो वायू थेट मोजते. रात्रीचा नायट्रेट रॅडिकल हवा असेल तर लांब वाटेचे डोआस, मग पावसाळ्यातले काही दिवस हातचे गेले तरी चालतील.

विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक घ्याल ते शक्यतो जुलैत, तुमच्याच गच्चीवर, न सुकवलेल्या हवेवर घ्या.