कॉलेजची फी: शैक्षणिक कर्ज काढावे की सोने तारण ठेवावे?

बारावीनंतर पूर्णवेळ पदवीला प्रवेश मिळाला आणि हातात फीची पूर्ण रक्कम नाही, तर गोव्यातल्या पगारदार किंवा छोट्या धंद्याच्या घरात बहुधा दोनच गोष्टींचा विचार होतो. मुलाच्या नावावर बँकेचे शैक्षणिक कर्ज काढायचे, नाहीतर घरातल्या पाटल्या-मोहनमाळ बँकेत ठेवून मोकळे व्हायचे. आमच्या घरात दोन्ही झालेले आहे, त्यामुळे दोन्हींबद्दल थोडेफार बोलता येईल. कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

त्याआधी तिसरीकडे एकदा पाहून घ्या. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज योजना आहे. मुलगा किंवा मुलगी तिच्या अटींत बसत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि पर्वरीच्या त्यांच्या कचेरीची वाट धरा; व्याजच नसलेल्या कर्जाशी तुलना कशाची करणार? मामलेदार कचेरीतून १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढायला निकालाची वाट पाहू नका, जूनमध्ये तिथे झुंबड असते. मुलीच्या नावावर सुकन्या समृद्धी खाते असेल तर ती १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीपैकी निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते, प्रवेशाचा किंवा फीचा कागद दाखवून. बारावीला बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असलेल्या आणि घरचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्याने केंद्राच्या शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० रुपये मिळतात. फी त्यात भागत नाही, पण पुस्तके आणि कदंबा बसचा पास सुटतो. हे सगळे करूनही जी रक्कम कमी पडते, तिच्यापुरता पुढचा विचार.

आता व्याजाचा हिशेब, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दर जुलैला एक लाख, आणि सोपे जावे म्हणून दोन्हीकडे व्याज १० टक्के धरू. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम संपून आणखी एक वर्ष हप्ता नसतो आणि त्या काळात सरळव्याज लागते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,००० आणि २०,०००. एकूण १,४०,०००. सोनेतारणात तीच रक्कम तेवढाच काळ फिरवली, तर दर जुलैला अनुक्रमे १०, २०, ३०, ४० आणि पुन्हा ४० हजार व्याज भरावे लागते. बेरीज करा: १,४०,०००. म्हणजे दर सारखा असेल तर रक्कम अगदी तीच. प्रत्यक्षात सरकारी बँकांत या दोन्ही कर्जांच्या दरांत घर बुडेल असा फरक सहसा नसतो. बऱ्याच बँका मुलींना शैक्षणिक कर्जात अर्धा टक्का सवलतही देतात. फायनान्स कंपन्यांकडे सोने ठेवले तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे फलकावरचा दर बहुतेक वेळा महिन्याच्या महिन्याला व्याज भरणाऱ्यासाठी असतो, चुकले की तो वर चढतो.

तेव्हा व्याज किती, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. ते कधी मागतात, हे पाहायचे.

फीसाठी काढलेले सोनेतारण, ज्यात मुद्दल आणि व्याज शेवटी एकदम भरायचे असते, ते १२ महिन्यांच्या वर चालत नाही. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, शाखेतल्या साहेबांची मर्जी नव्हे. प्रवेशाच्या वेळी जुलैत सोने ठेवले, तर मुदत संपते पुढच्या जुलैत, म्हणजे नेमकी दुसऱ्या वर्षाची फी दारात उभी असताना. मुद्दल फेडायची ऐपत त्या महिन्यात कुणाला असणार? मग नूतनीकरण. ते करायचे तर साठलेले व्याज आधी रोख भरावे लागते, त्यानंतरच नवा कागद होतो. वरच्या हिशेबात चौथ्या वर्षाच्या जुलैत मागचे ३०,००० व्याज आणि वर एक लाखाची नवी उचल, हे दोन्ही एकाच आठवड्यात येते. नव्या उचलीसाठी नवे सोनेही लागते. आणि यातून सुटका होईपर्यंत चतुर्थी येते. गावच्या घरी सगळे जमणार, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली जाणार, आणि घरच्या बाईच्या हातात पाटल्या नाहीत हे कुणाच्या ना कुणाच्या लक्षात येणारच. हिशेबाच्या वहीत या गोष्टीला रकाना नाही, मान्य. पण आमच्याकडे निर्णय फिरला तो या जुलैच्या कात्रीमुळेच. चार वर्षे, दर वर्षी, त्याच महिन्यात.

किती सोने लागते तेही बघून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांना ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आहे. एकदम फेडायच्या कर्जात ही मर्यादा नुसत्या मुद्दलाला नव्हे, तर मुदतीअंती भरायच्या पूर्ण रकमेला लावतात. त्यामुळे एक लाखासाठी १,१०,००० चा विचार होतो आणि साधारण १,३०,००० चे सोने लागते. चौथ्या वर्षी चार लाख बाकी असताना साडेपाच लाखांचे. भाव धरताना मागच्या ३० दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा भाव यांतला कमी तो धरतात. सराफाच्या दुकानातला आजचा भाव मनात धरून गेलात तर निराशा होईल. खडे, मोती, लाख यांचे वजन वजा होते, घडणावळीला किंमत शून्य. जुन्या पोकळ दागिन्यात, विशेषतः लाख भरलेल्यात, एकूण वजन आणि निव्वळ वजन यांत बराच फरक निघतो. तपासणी तुमच्या समोर व्हायला हवी आणि पावतीवर दोन्ही वजने व शुद्धता लिहिलेली हवी.

सोनेतारणच करणार असाल तर सगळे दागिने एका पुडक्यात देऊ नका. दर वर्षासाठी वेगळे खाते, वेगळे दागिने. नाहीतर एक बांगडी सोडवायची म्हटली तरी संपूर्ण कर्जाचा हिशेब मध्ये येतो. आणि पूर्ण फेड झाली की सोने शक्यतो त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे. हे काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही.

शैक्षणिक कर्जाची कटकट वेगळ्या जातीची आहे आणि ती सगळी सुरुवातीलाच येते. चार लाखांपर्यंत बँक खर्चातला तुमचा हिस्सा मागत नाही, तारणही नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारच्या कर्जहमी योजनेमुळे तिसऱ्या माणसाचा जामीन लागू नये. पण आई किंवा वडील सहकर्जदार असतातच आणि त्यांचा सिबिल, म्हणजे जुन्या कर्जफेडीचा अहवाल, पाहिला जातो. दहा वर्षांपूर्वीच्या स्कूटरच्या कर्जाचे दोन हप्ते चुकलेले असतील तर ते इथे उगवतात. अर्जाआधी महिनाभर अहवाल काढून पाहा, चूक असेल तर दुरुस्तीला वेळ मिळतो. फाइलमध्ये सर्वांत जास्त अडतो तो कॉलेजचा कागद. फीचा तक्ता पूर्ण अभ्यासक्रमाचा हवा, कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, आणि त्यात शिकवणी फी, परीक्षा फी, प्रयोगशाळा, वसतिगृह वेगवेगळे दाखवलेले हवे. पुष्कळ कॉलेजे फक्त पहिल्या वर्षाचा आकडा देतात. मग बँकही तेवढ्याचीच मंजुरी देते आणि पुढच्या वर्षी फाइल पुन्हा पहिल्यापासून.

पैसे तुमच्या हातात येत नाहीत, कॉलेजच्या खात्यात जातात, तेही सत्रागणिक. म्हणून प्रत्येक सत्राआधी कॉलेजकडून फीमागणीचे पत्र आणि मागच्या सत्राची गुणपत्रिका शाखेत नेऊन द्यावी लागते. शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी हे केले तर निभते. आठवड्यावर आणले तर दंड बसतो, आणि दंडाची रक्कम बँक देत नाही. एटीकेटी असेल तर शाखा प्रश्न विचारते, वर्ष गेले तर उचल थांबवते. मात्र अभ्यासक्रम लांबल्यास जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देता येते.

पुस्तके, लॅपटॉप, साधने यांसाठीही रक्कम मिळते, एकूण शिकवणी फीच्या २० टक्क्यांपर्यंत, बिल दाखवून. अनामत आणि इमारत निधी १० टक्क्यांपर्यंत. काणकोणचा मुलगा फर्मागुडीला शिकायला असेल आणि वसतिगृहात जागा न मिळता फोंड्यात खोली घेऊन राहत असेल, तर वाजवी भाडेही धरता येते. अडचण इतकीच की खोलीवाला पावती देत नाही. भाडे बँकेतून देत जा, म्हणजे निदान खाते उतारा तरी दाखवता येतो.

व्याज शिकत असतानाच भरत राहिलात तर चित्र बरेच बदलते. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये, चौथ्या वर्षी ३,३३३. हे भरले तर पाचव्या वर्षाअखेर चार लाखच शिल्लक राहतात आणि सात वर्षांच्या फेडीचा हप्ता सुमारे ६,६४० बसतो; न भरल्यास ५,४०,००० वर सुमारे ८,९६५. शिवाय शिकताना नियमित व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्क्यापर्यंत सूट देण्याची मुभा बँकांना आहे. ती मंजुरीपत्रात लिहून घ्या, नंतर मागायला गेलात तर सापडत नाही. जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला भरलेल्या व्याजाची आयकरात वजावट आठ वर्षे मिळते. नव्या प्रणालीत नाही, आणि सोनेतारणाला तर हा प्रश्नच येत नाही.

एक मोठा फरक इथे सांगायलाच हवा. घरचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक, संस्था मान्यताप्राप्त, असे असेल तर शिकतानाचे आणि पुढच्या एका वर्षाचे व्याज केंद्र सरकार भरते. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के सवलत आहे, पण वर्षाला एक लाखच विद्यार्थी. कुंकळ्ळीची एनआयटी किंवा आयआयटी गोवा केंद्राच्या असल्याने यादीत येतात. तुमचे कॉलेज आहे का ते या योजनेच्या पोर्टलवर पाहा. उत्पन्नाचा दाखला दर वर्षी ताजा लागतो. या सवलतीत बसणाऱ्याने सोने ठेवणे म्हणजे मला तरी सरळ तोटा वाटतो.

तरी सोनेतारणाची जागा आहे. घरचा कर्ता बोटीवर नोकरीला असेल, सहा महिने पगार आणि चार महिने घरी, तर त्याचे उत्पन्न बँकेला समजावताना फाइल जड होते. त्याला मात्र बोटीवरून उतरल्यावर एकरकमी पैसे येतात, त्यामुळे १२ महिन्यांची मुदत आरामात पेलते. शेवटच्या वर्षाची एकच फी बाकी असेल तर त्यासाठी नवी फाइल उघडण्यापेक्षा एक हार ठेवणे परवडते. आणि प्रवेशफेरीत नाव लागले, तीन दिवसांत फी भरा असे आले, तर शैक्षणिक कर्ज तेवढ्यात होत नाही. सोन्यावर दुपारपर्यंत पैसे मिळतात.

त्या शेवटच्या प्रसंगात दोन्ही जोडून वापरता येतात. पहिल्या सत्रापुरते सोने ठेवून फी भरा, मूळ पावती जपा, आणि त्याच आठवड्यात शैक्षणिक कर्जाचा अर्ज पूर्ण रकमेसाठी टाका. आधी भरलेली फी पावतीवर परत देता येईल का, हे शाखेत अर्ज देतानाच विचारा आणि होय म्हणाले तर मंजुरीपत्रात तसा उल्लेख करून घ्या. तो उल्लेख नसेल तर पैसे कॉलेजच्या खात्यातच जातात आणि कॉलेज ते पुढच्या सत्रात वळते करते. मग सोने दिवाळीपर्यंत अडकते. उल्लेख असेल आणि फाइल वेळेत गेली असेल, तर चवथीच्या आधी सोडवता येते.