फुजीची फिल्म सिम्युलेशन: आठ महिन्यांनंतर

फुजीफिल्मचा एक्स-टी ३० टू हा कॅमेरा घेऊन आठ महिने झाले. घेतला तो फिल्म सिम्युलेशनसाठीच, म्हणजे फोटोला जुन्या फिल्मसारखे रंग देणाऱ्या तयार सेटिंगसाठी. त्यात १८ आहेत, माझ्या कामाला चार-पाचच येतात: व्हेल्विया, प्रोव्हिया, अस्टिया, क्लासिक क्रोम आणि क्लासिक निगेटिव्ह.

रंग तपासताना मी रॉ, म्हणजे रंग न ठरलेली कच्ची फाइल काढतो, व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे पांढरा पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग) पक्का ठेवतो आणि त्या एकाच रॉवरून कॅमेऱ्यातच वेगवेगळ्या सिम्युलेशनची हवी ती जेपेग, म्हणजे तयार फोटो, करून घेतो. म्हणजे मध्येच ढग आला, ऊन उतरलं, असली शंका राहत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पंचवटीत झेंडूचे ढीग लागले होते. व्हेल्वियात ते मागच्या स्क्रीनवर असे काही पेटले की मी हरखूनच गेलो. घरी मोठं करून पाहिलं तर केशरी फुलांत पाकळ्याच नाहीत, नुसता गोळा. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, लाल चॅनल पार उजव्या कडेला भिडलेला; लालातला तपशीलच गेलेला. मूळ व्हेल्विया फिल्मही गडद, भरलेल्या रंगांसाठीच नावाजलेली. केशरी रंगावर ती जपून वापरायची, एवढंच. तोच रॉ प्रोव्हियात, कलर (रंग किती गडद ते ठरवणारी सेटिंग) दोनने उतरवून काढला आणि पाकळीची कड न कड दिसली.

खरी परीक्षा आईच्या पैठणीने घेतली. मोरपंखी, उभा धागा निळा, आडवा हिरवा, जरा हलवली की रंग फिरतो. खिडकीशी पसरून फोटो शेजारी धरले. क्लासिक क्रोममध्ये हिरवा दबला आणि सगळी साडी मळकट निळी झाली. अस्टियात दोन्ही धागे राहिले. मात्र काळारामाच्या काळ्या दगडाला क्लासिक क्रोमच शोभतं. सावलीतला दगड व्हेल्वियात फार निळा पडतो.

क्लासिक निगेटिव्ह जुन्या निगेटिव्ह फिल्मसारखं, म्हणून मी ते बाबांच्या जुन्या अल्बमशी ताडून बघायला गेलो आणि लक्षात आलं की ही तुलनाच लंगडी आहे. निगेटिव्हवरचा रंग प्रिंट काढताना ठरायचा; लॅबवाल्याने फिल्टर थोडा हलवला की तीच फ्रेम पिवळट किंवा निळसर. वर इतक्या वर्षांत प्रिंटही उडालेले. स्लाइडचं तसं नव्हतं. १९९० साली आलेली व्हेल्विया स्लाइड फिल्म होती, फिल्मवर उमटलं तेच अंतिम. म्हणून क्लासिक निगेटिव्ह हुबेहूब आहे की नाही, या वादात मी पडत नाही. गोदाघाटावरच्या संध्याकाळी ते मला मनापासून आवडतं.

लग्नघरी हळदीला अस्टिया लावतो, कलर शून्यावर. हळद पिवळीच राहते आणि नवरीचा गव्हाळ चेहरा लाल होत नाही.