क्वार्ट्झसाइटचं वाळवंट की रिओ ग्रँड व्हॅली? मोटारहोममधला हिवाळा स्वस्तात कुठे काढावा

ऑक्टोबर लागला की मिनेसोटातल्या आम्हा निवृत्त मोटारहोमवाल्यांच्या (मोटारहोम म्हणजे आत राहता येतं अशी गाडी) बोलण्यात एकच विषय असतो: यंदा थंडी चुकवायला कुठे? फ्लोरिडाचं नाव सगळ्यात आधी निघतं आणि सगळ्यात आधी गळतंही. तिथले खाजगी आरव्ही पार्क, म्हणजे अशा गाड्या भाड्याने उभ्या करून राहायच्या जागा, हिवाळ्यात महाग. सरकारी उद्यानं सुंदर आणि स्वस्त, पण तिथे सलग १४ दिवसांच्या वर राहता येत नाही. शिवाय २०२४ पासून फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी आरक्षण करता येतं आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांना १० महिने आधी. त्या एका महिन्यात चांगल्या जागा संपलेल्या असतात. त्यामुळे हातचं राखून खर्च करणाऱ्या माणसाला माझ्या मते दोनच पर्याय उरतात: ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटचं वाळवंट, नाहीतर टेक्सासच्या दक्षिण टोकाची रिओ ग्रँड व्हॅली. दोन्हीकडे आम्ही हिवाळे काढले आहेत. गाडी तीच, पंचवीस फुटांची, आणि माणसं दोनच.

पैशाचं आधी सांगतो, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो आणि तिथेच तो करू नये असं मला वाटतं. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा केंद्र सरकारचा मोठा माळ आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने तिथे राहायचा परवाना बरीच वर्षं १८० डॉलरला मिळत आला आहे (चालू दर निघण्यापूर्वी बघूनच घ्या). सात महिन्यांचे १८० डॉलर. घराचा मालमत्ता कर भरणाऱ्याला हा आकडा खरा वाटत नाही. तोच परवाना युमाजवळच्या इंपीरियल डॅमच्या मुक्कामाच्या तळावरही चालतो, म्हणजे कंटाळा आला तर जागा बदलता येते. व्हॅलीत आम्हाला जागेचं भाडं महिन्याला ५०० डॉलरच्या आसपास पडलं आणि वीज मीटरप्रमाणे वेगळी.

कागदावर वाळवंट जिंकलं. पण त्या १८० डॉलरमध्ये मिळते ती जमीन. वीज नाही, नळ नाही, सांडपाण्याचा पाइप नाही. आधी सौर पॅनल आणि बऱ्यापैकी बॅटऱ्या घ्यायच्या, ढगाळ दिवसांसाठी जनरेटर आणि त्याचं पेट्रोल, थंड रात्रींसाठी प्रोपेन, शिवाय कपडे धुवायला गावात फेरी. बाजाराला ब्लाइथ वीस मैल, पार्कर पस्तीस मैल. भारतीय किराण्यासाठी आम्ही फीनिक्स गाठायचो, म्हणजे सव्वाशे मैल. हे सगळं धरूनही वाळवंट स्वस्तच पडतं, त्याबद्दल वाद नाही. फक्त फरक वाटतो तेवढा उरत नाही.

वाळवंटाचं सुख मात्र मी हात आखडता घेऊन सांगणार नाही. शेजारी शंभर पावलांवर. हवा इतकी कोरडी की गुडघे कुरकुरणं थांबवतात. पाऊस पडून गेल्यावर क्रीओसोटच्या झुडपांचा जो वास सुटतो, त्यासाठी मी आजही तिथे जाईन. जानेवारीत गावात दगड-रत्नांचे बाजार आणि आरव्हीचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि एवढंसं गाव माणसांनी भरून जातं. गावच्या दफनभूमीत हाजी अली या उंटवाल्याचं पिरॅमिडच्या आकाराचं थडगं आहे, वर तांब्याचा उंट. अमेरिकी सैन्याने १८५६ साली उंट आणून बघितले, त्यांच्याबरोबर आलेला हा माणूस १९०२ मध्ये इथे वारला. ते उंट आधी उतरले होते टेक्सासच्याच किनाऱ्यावर, त्यामुळे दोन्ही ठिकाणं पाहिलेल्या माणसाने त्या थडग्याशी जरूर जाऊन यावं.

तर मग अडलं कुठे? ग्रे टाकीपाशी.

स्वयंपाकघराचं आणि न्हाणीचं पाणी जिथे जमतं ती टाकी. आमच्या गाडीत ती सुमारे ३५ गॅलनची आहे, म्हणजे १३० लिटर. माझे अमेरिकन शेजारी सकाळी सीरियल, दुपारी सँडविच आणि संध्याकाळी शेगडीवर भाजलेलं काहीतरी कागदी बशीत खायचे. त्यांची टाकी दोन-दोन आठवडे पुरायची. आमच्याकडे तांदूळ धुतले जातात, डाळ धुतली जाते, कुकर, कढई, परात, पोळपाट, ताटं-वाट्या आणि वर रोजची आंघोळ. आमची टाकी त्याच्या निम्म्या वेळातही भरायची. शॉवर बंद करून अर्ध्या बादलीत तांब्याने आंघोळ सुरू केली. खरकटी भांडी आधी कागदाने पुसून मग घासायची सवय लावली. त्याने दोन दिवस वाढले, एवढंच. आणि फोडणीचं तेल, हळद, डाळीचा गाळ असलेलं पाणी उन्हात तापलेल्या टाकीत चार दिवस राहिलं की सिंकमधून जो वास वर येतो, तो कुठल्याही औषधाने पुरता जात नाही.

टाकी भरली की काय करायचं? पाणी जमिनीवर सोडायचं नाही, आणि वाळवंट जसं आहे तसं राहावं असं वाटणाऱ्याने ते करूही नये. मग बाहेरचं कापडी छप्पर गुंडाळा, खुर्च्या-चटया आत घ्या, कपाटांच्या कड्या लावा, पॅनल खाली करा आणि अख्खं घर चालवत डम्प स्टेशनला, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, न्या. जानेवारीत तिथे रांग. परत येऊन पुन्हा गाडी समपातळीत आणा, पुन्हा सगळं मांडा. अर्धा दिवस जातो. चाकांची फिरती टाकी घेऊन खेपा घालता येतात, पण भरलेल्या टाकीचं वजन सत्तरीच्या पाठीला झेपत नाही. पाणी उपसून नेणाऱ्या गाड्या येतात, त्या दर वेळी पैसे घेतात, आणि महिन्याचे ते पैसे जोडत गेलात की स्वस्ताई पातळ होत जाते.

कामाचा त्रास मी सोसला असता. मनाला लागली ती वेगळी गोष्ट. एका सकाळी पत्नीने टाकीचा काटा बघितला आणि विचारलं, "अहो, आज पोळ्या करू की भातावरच भागवू?" तिला कणकेची परात धुवायचं पाणी मोजावं लागत होतं. चाळीस वर्षं नोकरी आणि संसार केल्यावर स्वयंपाकाचा बेत टाकी बघून ठरायला नको, असं मला वाटलं. ज्यांचं खाणं साधं आहे किंवा ज्यांना अशा काटकसरीत गंमत वाटते, त्यांचं मत वेगळं असू शकेल, आणि ते चुकीचं नसेल.

व्हॅलीत गाडी लावली, पाइप जोडला, ग्रेची झडप उघडी ठेवली, आणि तो विषय संपला. मिशन, मॅकॅलन, फार, वेस्लाको, हार्लिंजन या पट्ट्यात आरव्ही पार्क गल्लोगल्ली आहेत. उत्तरेकडून येणाऱ्यांना तिथे 'विंटर टेक्सन' म्हणतात, आणि त्या म्हणण्यात मला आपुलकीच दिसली. बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, चिंच, पेरू, गुळाच्या ढेपेसारखं मेक्सिकन पिलोंसियो, सगळं सहज मिळतं. लाल गराची ग्रेपफ्रुट हिवाळाभर असतात, काही पार्कांच्या आवारातच झाडं आहेत. पूर्वी या भागात उसाचे फडही होते आणि फड पेटवले की राख गाड्यांवर पडायची. सिंचनाचं पाणी आटलं आणि टेक्सासमधला तो शेवटचा साखर कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. राखेची तक्रार मिटली खरी, पण कोल्हापूरकडच्या माणसाला ते वाचून वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

व्हॅलीच्या उणिवाही आहेत. गाड्या खेटून उभ्या असतात, शेजाऱ्याचा खोकला ऐकू येतो. हवा दमट, कपाटात बुरशी धरते. वारा सुटला की दिवसभर थांबत नाही. आणि उबेची खात्री शंभर टक्के नाही: फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तिथेही गोठलं, वीज गेली, फळबागांचं नुकसान झालं. क्वार्ट्झसाइटला रात्री जास्त गारवा असला तरी दिवसाचं ऊन जास्त भरवशाचं, हे मान्य करायला हवं. शांतता हवी असेल तर तुलनाच नाही.

बरेचसे पार्क पंचावन्न वर्षांवरच्यांसाठीच आहेत. कायद्याने ८० टक्के घरांत किमान एक माणूस पंचावन्नचं असावं लागतं, त्यामुळे लॅपटॉपवर काम करणाऱ्या तरुण जोडप्याला काही ठिकाणी नकार येईल, आणि नातवंडांनी किती दिवस राहावं यालाही मर्यादा असू शकते. काही पार्क दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत. काही पार्क गाडीचा फोटो पाहून ठरवतात. तुमची गाडी जुनी आणि दिसायला थकलेली असेल, तर वाळवंटात तिचं वय कोणी विचारत नाही. अशा वाचकाला मी ला पोसाच सुचवेन.

औषधपाण्याच्या बाबतीत मात्र माझं पारडं पुन्हा व्हॅलीकडे झुकतं. मॅकॅलन-एडिनबर्गला मोठी रुग्णालयं जवळ आहेत, क्वार्ट्झसाइटहून रुग्णालयासाठी पार्करपर्यंत जावं लागतं. मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर दोन्ही राज्यांत चालतं, पण मेडिकेअर ॲडव्हान्टेज (त्याऐवजी खाजगी कंपनीमार्फत घ्यायची योजना) घेतलं असेल तर त्याचं डॉक्टर-रुग्णालयांचं जाळं बहुधा तुमच्या घराभोवतीचंच असतं. निघण्यापूर्वी हे फोन करून विचारा. दातांसाठी दोन्हीकडे मेक्सिकोचा पर्याय आहे: युमाकडून लॉस अल्गोदोनेस, व्हॅलीतून न्यूएवो प्रोग्रेसो. दोन्हीकडे सीमा चालत ओलांडता येते. भारतीय पारपत्र असलं तरी ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा व्हिसा लागत नाही. दोन्ही कागद मात्र जवळ हवेत. व्हॅलीतून उत्तरेला परतताना फालफुरियसपाशी सीमा गस्त दलाची चौकी लागते, तिथेही ते विचारले जाऊ शकतात.

प्रवासाचं थोडक्यात. मिनेसोटातून व्हॅली दीड हजार मैलांच्या आतबाहेर, आणि त्यातला मोठा भाग एकाच महामार्गावर, आय-३५ वर. डोंगर नाहीत. क्वार्ट्झसाइट पावणेदोन हजारांच्या पुढेमागे, आणि फ्लॅगस्टाफवरून गेलात तर सात हजार फुटांवर बर्फ भेटू शकतं. मिशिगन-ओहायोवाल्यांनाही हा हिशोब टेक्सासच्याच बाजूने पडेल. कॅलिफोर्निया किंवा वॉशिंग्टनहून येणाऱ्यांना उलट पडेल, आणि त्यांनी माझं ऐकून एवढं लांब यावं असं मी म्हणणार नाही.

व्हॅली ठरवलीत, तर महिन्याच्या दराबरोबर तीन आणि सहा महिन्यांचा दरही विचारा, फरक बराच असतो. विजेचा युनिटचा भाव विचारा. नकाशावर पार्काजवळ रेल्वेचं फाटक आहे का बघा, कारण आगगाडीचा भोंगा रात्रीही वाजतो. नेहमीची माणसं परत जातानाच पुढच्या वर्षीची जागा धरून जातात, म्हणून उन्हाळ्यातच फोन करा. आणि सगळ्यात आधी हे विचारा: प्रत्येक जागेला सांडपाण्याची स्वतंत्र जोडणी आहे, की सगळ्यांना मिळून एकच डम्प स्टेशन? काही स्वस्त पार्कांत फक्त वीज आणि नळ असतो आणि जाहिरातीत ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. उत्तर 'एकच' असं आलं, तर महिन्याला पन्नास डॉलर जास्त पडले तरी दुसरा पार्क बघा.