जिवाणूंच्या साठ्यातली हिरवी स्ट्रॉ

जपानमधील स्टारबक्सने कागदी स्ट्रॉ बाजूला ठेवून २०२५ मध्ये, आधी ओकिनावात आणि मग देशभर, कानेका कंपनीच्या ‘ग्रीन प्लॅनेट’ या जैवप्लास्टिकची हिरवी स्ट्रॉ आणली. टोक्योत राहणाऱ्या आणि रेंगाळत कॉफी पिणाऱ्या माझ्यासारख्याला हा बदल चांगलाच मानवला. बर्फ घातलेली लाटे समोर ठेवून गप्पा कितीही लांबल्या, तरी हिच्या टोकाचा लगदा होत नाही आणि घोटाला कागदाची चव येत नाही; दातांखाली दाबली तर ती किंचित चेपते, पण तडकत नाही.

ही न तडकण्याची करामत मुळातूनच समजून घेण्याजोगी आहे. कार्बन मुबलक असताना नत्र किंवा स्फुरद कमी पडले, की काही जिवाणू वाढ आवरती घेतात आणि उरलेला कार्बन पॉलिएस्टरच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्याच, कणांच्या रूपाने पेशीत साठवतात. सुगीत कणगी भरावी तसा. यांतले पीएचबी हे द्रव्य मॉरिस लेम्वान्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच ओळखले होते, परंतु ते इतके ठिसूळ की त्याची स्ट्रॉ चावताच मोडावी. कानेकाचे जिवाणू वनस्पती तेलावर वाढतात आणि पीएचबीच्याच रेणूंच्या साखळीत हायड्रॉक्सीहेक्सानोएट हा दुसरा घटक गुंफतात. त्यामुळे स्फटिकांची घट्ट बांधणी सैल पडते आणि लवचीकपणा येतो.

पीएलए या मक्यापासूनच्या प्लास्टिकला कुजण्यासाठी सुमारे ६० अंशांचे औद्योगिक खत-केंद्र लागते. कानेकाचे हे द्रव्य मात्र मातीत आणि समुद्राच्या पाण्यातही जिवाणूच खाऊन टाकतात, अर्थात पाणी थंड असेल तर सावकाश. (म्हणून ती किनाऱ्यावर टाकून यावी, असे मुळीच नाही.) टोक्योत बहुतेक कचरा जाळलाच जातो, तेव्हा हा गुण इथे एरवी वापरातच येत नाही, तो कामाला येतो तो चुकून नाल्यात गेलेल्या स्ट्रॉपुरता. माझ्या लेखी तेवढेही पुरेसे आहे.

खरी अडचण किमतीची. हे द्रव्य पॉलिप्रोपिलीन या नेहमीच्या प्लास्टिकपेक्षा बरेच महाग पडते, आणि कॅफेंची मोठी साखळी तो भार सोसू शकते, तसा कोपऱ्यावरचा रसवाला सोसणार नाही. भारतात १ जुलै २०२२ पासून प्लास्टिक स्ट्रॉवर बंदी आहे. सुट्टीत पुण्याला गेलो की शहाळ्यात कागदी स्ट्रॉ मिळते आणि मलई खरवडण्याआधीच ती मान टाकते. तिथे ही स्ट्रॉ मिळाली, तर मी दोन रुपये जास्त आनंदाने देईन.