बारा अंगुळांचा पितळी शंकू: नागपूरच्या इतवारीतल्या भांडे ओळीतून

वस्तू साधी आहे. नऊ इंच उंचीची भरीव पितळी काडी, वर निमुळतं टोक, खाली पंजाएवढी गोल बैठक, वजन दीड किलोच्या आसपास. अंगुळ म्हणजे साधारण पाऊण इंच, म्हणून बारा अंगुळांचे नऊ इंच. जुन्या ज्योतिषात सावली मोजायचा शंकू बाराच अंगुळांचा धरत. मला 1,850 रुपये पडले.

तो का करून घेतला ते आधी सांगते. आमचे हे 24 डिसेंबरला गेले. दहाव्याला घाटावर एक नातेवाईक म्हणाले, "उत्तरायण लागायला तीनच आठवडे होते हो वहिनी." वाईट मनानं म्हणाले नसतील. पण शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहणारे भीष्म मी लहानपणापासून ऐकत आलेली. ते वाक्य आत रुतून बसलं. तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य मकरवृत्तावरून परततो, ही आकृती फळ्यावर कितीदा काढली असेल. तरी त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. मग ठरवलं, आपल्या गच्चीवर, आपल्या डोळ्यांनी बघायचं.

भांडे ओळीत चार दुकानांतून परत फिरले. पाचव्याला पाटीसुद्धा नव्हती. कारागीर म्हणाला, "समईचा दांडा पायजे का काकू?" म्हटलं, सावली मोजायची आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. "मंग एकदम सरळ उभा पायजे. आठ दिवसानं या, होऊन जाईन." आठ दिवसांनी काडी केसभर कललेली निघाली. मी काही बोलायच्या आत त्यानंच ओळंबा धरून पाहिला, जोड उकलला आणि आटे पाडून काडी पुन्हा बसवून दिली. जास्तीचा एक रुपया घेतला नाही. त्याच्या कामाला माझे पाचपैकी पाच.

गच्चीवर पाणसळ लावून छोटा ओटा करून घेतला. शंकूभोवती खडूनं वर्तुळ काढायचं. सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक त्याला जिथे शिवतं त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिच्यावर लंब टाकला की उत्तर. होकायंत्र लागत नाही. एवढंच लक्षात ठेवा, आपल्याकडे सूर्याची दुपार घड्याळाच्या बाराला होत नाही. भारताचं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं, नागपूर 79 च्या जवळ. शिवाय पृथ्वीची चाल वर्षभर सारखी नसते आणि आसही कललेला, म्हणून 22 डिसेंबरला मध्यान्ह 12:12 च्या आसपास, तर संक्रांतीला 12:22 च्या सुमारास.

आता सावलीचं सांगते. त्यानंतर आलेल्या 22 डिसेंबरला ती जवळजवळ बारा अंगुळं, म्हणजे शंकूएवढीच. नागपूरच्या अक्षांशाचं हे देणं आहे: त्या दुपारी माणसाची सावली माणसाएवढी असते. पुढचे काही दिवस ती हललीच नाही असं वाटलं. 1 जानेवारीला सुताएवढी मागे आलेली दिसली. संक्रांतीला मोजली तर अकरा अंगुळं. तिळातिळानं दिवस वाढतो म्हणतात, तो तीळ मी मोजला. सूर्य 22 लाच वळला होता. हे 24 ला गेले. मी ओट्याशेजारी बसून पोटभर रडले, आणि त्यानंतर ते वाक्य पुन्हा टोचलं नाही.

संक्रांतीपासून उत्तरायण धरणारं पंचांग खोटं नाही. ते तारे धरून चालतं आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो. एक फेरा सुमारे 26,000 वर्षांचा. साधारण 1,700 वर्षांपूर्वी मकर संक्रमण आणि सूर्याचं वळणं एकाच दिवशी येत असे, आता तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलं. 1863 साली विवेकानंद जन्मले तो 12 जानेवारी संक्रांतीचाच दिवस होता. आता तीच संक्रांत 14 किंवा 15 ला येते. म्हणून तीळगूळ मी संक्रांतीलाच वाटते आणि अर्घ्य 22 डिसेंबरला देते. दोन्ही मनापासून.

21 मार्चला सावली साडेचार अंगुळांच्या थोडी पुढे. ही आपल्या गावाची पलभा, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशीची मध्यान्हीची सावली; गणितानं 4.64 येते. मग 26 मे, नवतप्याचा, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, दुसरा दिवस. पितळ हाताला चटका देत होतं. 12:10 ला सावली नाहीशी झाली, माझीही पायाखाली गेली. काही क्षण मी आणि माझं ऊन, मध्ये काहीच नाही. त्यानंतर सुमारे सात आठवडे दुपारची सावली दक्षिणेला पडते. 21 जूनला ढगांच्या फटीतून ती दिसली, अर्ध्या अंगुळाची, यमाच्या दिशेला. मी तिथे पाणी सोडलं. तिथून दक्षिणायन, मागोमाग आषाढी आणि चातुर्मास. जुलैतला दुसरा शून्य सावलीचा दिवस मात्र ढगांनी नेला.

उणीव एकच: टोकाची सावली अस्पष्ट पडते. त्यात कारागिराचा दोष नाही, सूर्यच अर्ध्या अंशाचा रुंद आहे. टोकावर बारीक भोकाची चकती बसवून घ्या, म्हणजे मधोमध उजेडाचा ठिपका मिळतो. बैठक चिंचेनं घासून चकचकीत करू नका, डोळे दिपतात आणि खूण दिसत नाही.

करायला टाकताना अंगुळं सांगू नका, नऊ इंच सांगा. आणि पुढच्या 22 डिसेंबरला हवा असेल तर दिवाळी झाल्याझाल्या सांगून ठेवा; नंतर लग्नसराईच्या भांड्यांत कारागीर हाताला लागत नाही.