डॅटसन २८०झेडला बारीक बंपर आणि एअर डॅम: काय घ्यावं, काय घेऊ नये

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. २८०झेडला (निस्सानने डॅटसन नावाने विकलेली सत्तरच्या दशकातली स्पोर्ट्स कार) पुढून तिच्या आधीच्या २४०झेडचा बारीक बंपर लावायचा असेल तर व्हिएतनाममध्ये बनणारा स्टेनलेस स्टीलचा घ्या, खाली एअर डॅम (बंपरखालून हवा अडवणारा भाग) युरेथेनचा, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा घ्या, आणि यातलं काहीही ऑर्डर करायच्या आधी इंडिकेटर कुठे ठेवणार ते ठरवा. या शेवटच्या गोष्टीवर पार्ट विकणारा कुणी स्वतःहून बोलत नाही आणि सगळं काम नेमकं तिथेच अडतं.

माझी गाडी १९७७ ची, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात असते त्यामुळे बर्फाच्या रस्त्यावरचं मीठ तिला लागलेलं नाही, पत्रा शाबूत आहे, २.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन सुरेख चालतं, फक्त पुढचा तो जाडजूड बंपर मला कधीच पटला नाही. त्या लांब नाकाची सगळी रेघ तो मधेच तोडून टाकतो. आणि मूळ गाडी तशी नव्हतीच ना, २४०झेड १९७० चं मॉडेल म्हणून अमेरिकेत ३५२६ डॉलरला विकायला लागले तेव्हा बंपर म्हणजे क्रोमची एक सडपातळ पट्टी होती. मग इथल्या सरकारने नियम आणला की १ सप्टेंबर १९७२ पासून बनणारी गाडी ताशी ५ मैलांनी पुढून धडकली तरी दिवे, इंधनाची यंत्रणा वगैरे चालू राहिलं पाहिजे, त्यामुळे बंपर फुगत गेला, १९७४ च्या मधल्या २६०झेडपासून तो एकदम मोठा झाला, आणि १९७५ ते ७८ ची सगळी २८०झेड त्याच अवजड बंपरवर विकली गेली. मागे शॉक अॅब्सॉर्बर, कोपऱ्यांना रबराचे भाते. काढताना खाली झोपून एकाने धरायचं आणि दुसऱ्याने नट सोडायचे असं करा, एकट्याने काढू नका, खरंच जड आहे. १९८२ मध्ये ती मर्यादा अडीच मैलांवर आली पण तोवर आपल्या गाडीचं उत्पादन केव्हाच बंद झालं होतं.

आता बंपर. जुना ओरिजिनल २४०चा बंपर शोधून री-क्रोम करायचा हा पहिला विचार प्रत्येकाच्या डोक्यात येतो, माझ्याही आला. पण चांगला, न कुजलेला, न वाकलेला जुना बंपर मिळणं मुश्किल, आणि मिळाला तर विकणाऱ्याला त्याची किंमत पक्की माहीत असते. त्यात कॅलिफोर्नियात शोभेच्या क्रोम प्लेटिंगसाठी हेक्सॅव्हॅलंट क्रोमियम वापरायला १ जानेवारी २०२७ पासून बंदी ठरली आहे, हा पदार्थ कॅन्सर करणारा आहे आणि प्लेटिंगवाल्या कारखान्यांच्या आजूबाजूला राहणारी माणसं तो श्वासात घेत होती, त्यामुळे बंदीबद्दल माझी काही तक्रार नाही, बरंच झालं. पण त्याचा अर्थ असा की जुन्या पद्धतीचं क्रोम करून देणारी दुकानं कमी होत चालली आहेत आणि जी आहेत ती भाव लावतात.

म्हणून स्टेनलेस. माल लाकडी खोक्यात नीट गुंडाळून आला, तुकड्यांत येतो, मागून बोल्टने जोडायचा. पॉलिश अप्रतिम. क्रोमची ती थोडी निळसर झाक यात नाही, स्टेनलेस जरा पिवळट, उबदार दिसतं, आरशाभोवतीचं जुनं क्रोम आणि हा बंपर शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर फरक कळतो, रस्त्यावर कुणाला कळणार नाही. पण यात वर थर नाहीच, त्यामुळे पापुद्रा निघायचा आणि खालून गंज फुगायचा प्रश्नच मिटतो, ओरखडा आला तर परत पॉलिश मारायचं. जोडाच्या जागी माझ्याकडे एका बाजूला बारीक फट होती, बोल्टची भोकं थोडी लांबवली आणि वॉशर घातला की बसलं. पत्र्याची जाडी चांगली आहे, हाताने दाबून वाकत नाही. शिपिंग धरून जे पैसे गेले ते मला योग्य वाटतात, री-क्रोमच्या कोटेशनपेक्षा कमीच गेले.

एक लक्षात ठेवा, हा बंपर २८०च्या चॅसिसवर सरळ बसत नाही. मोठ्या बंपरचे शॉक निघाले की तिथे मोकळी भोकं राहतात आणि २४०चे ब्रॅकेट त्या जागी जुळत नाहीत. कन्व्हर्जन ब्रॅकेट तयार मिळतात, ते घ्या, किंवा वेल्डिंग येत असेल तर पट्टी वाकवून करा. पुण्यात नाना पेठेत गाडी उभी असती तर बाजूच्या कुणीतरी माप बघून दुपारपर्यंत जोडी करून दिली असती, इथे तेवढ्या छोट्या कामाला दुकानदार तयारच होत नाही.

आणि तो इंडिकेटरचा मुद्दा. २४०ला इंडिकेटर बंपरच्या खाली, २८०ला ते वर ग्रिलमध्ये गेले. म्हणजे २४०साठीचा डॅम घेतला तर त्याला इंडिकेटरची भोकं असणार, आणि २८०साठीचा घेतला तर नसणार. मी ग्रिलमधलेच ठेवले, वायरिंगला हात लावला नाही, डॅम १९७४ ते ७८ वाला घेतला. ज्यांना पुढून हुबेहूब २४० हवी आहे त्यांनी ग्रिल, इंडिकेटर आणि डॅम तिन्ही २४०चे एकदम घ्यायचे, एकेक करत गेलात तर एक काहीतरी जुळणार नाही.

डॅम का लावायचा? दिसायला छान दिसतो हे खरं, पण या गाडीला त्याची गरजच आहे. एस३० चं, म्हणजे या २४०-२६०-२८०झेड गाड्यांचं, नाक लांब आणि खालून उघडं, हायवेवर वेग वाढला की हवा ग्रिलमधून आणि खालून इंजिनच्या खोलीत शिरते, तिला बाहेर पडायला धड वाट नाही, मग ती नाक उचलते आणि स्टिअरिंग हलकं पडतं. शर्यतीवाल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. अमेरिकन डिझायनर पीटर ब्रॉकची बीआरई ही शर्यतीची टीम, जॉन मॉर्टन चालवायचा, १९७० आणि ७१ ला सी प्रॉडक्शन या वर्गाची अमेरिकेतली राष्ट्रीय चॅम्पियनशिप याच २४०झेडने जिंकली, त्यांच्या गाडीला पुढे खाली जो स्पॉयलर होता त्याच्या नकला आजही ‘स्पूक’ नावाने विकल्या जातात. निस्सानने स्वतःही जपानमध्ये १९७१ ला फेअरलेडी (झेडचं जपानमधलं नाव) २४०झेडजी काढली, फायबरचं नाक लावून लांबी १९० मिलिमीटरनी वाढवली. ते जी-नोज दिसतं जबरदस्त पण त्याचे तुकडे जास्त, हेडलाइटच्या काचेपासून बॉनेटपर्यंत प्रत्येक ठिकाणी गॅप जुळवायचा, रोज वापरायच्या गाडीला मी सुचवणार नाही.

फायबरचा डॅम मी आधी मागवला होता, ऑनलाइन एका विक्रेत्याकडून, नाव घेत नाही. फोटोत मस्त. आला तो एका बाजूला पिळलेला, सपाट फरशीवर ठेवला तर एक कोपरा उचललेला, जेलकोटमध्ये (वरच्या गुळगुळीत थरात) टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आतून बघितलं तर कापड न टाकता नुसता तुटक धाग्यांचा फवारा मारलेला. विचारलं तर म्हणे "बॉडी शॉपमध्ये सगळे जुळवून घेतात." परत घेतला नाही. चांगला फायबर वाईट नसतो हेही सांगतो, हाताने मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) टाकून केलेला, जाडी सारखी असलेला मिळाला तर तो ताठ राहतो आणि रंग त्याच्यावर सर्वात सुंदर बसतो, पण पार्किंगच्या सिमेंटच्या ठोकळ्याला एकदा लागला की तडा गेलाच.

युरेथेनचा डॅम उलट आहे. दाबला की दबतो आणि परत येतो, माझा ड्राइव्हवेच्या उतारावर घासतो, खालच्या कडेला रंग गेलाय, तडा नाही. तोटे दोन. एक, रंगात फ्लेक्स अॅडिटिव्ह (रंग लवचिक ठेवणारं रसायन) घालायलाच लागतं, पेंटरला आधी सांगा, नाहीतर काही महिन्यांत रंगाला जाळं पडेल. दुसरा, उन्हात मऊ होऊन स्क्रूच्या मधल्या जागी लोंबतो. त्याला उपाय सोपा, मागून अॅल्युमिनियमची पट्टी लावायची आणि स्क्रू कंपनीने सांगितलेत त्याहून जवळ जवळ मारायचे. फेंडरच्या कडेशी फिटिंग माझं जवळपास चपखल आलं, ड्रायव्हरच्या बाजूला थोडं घासावं लागलं, आफ्टरमार्केट मालात एवढं चालायचंच. पुढचे टो-हूक मधे येतात, ते काढावे लागले. जॅक लावायला आता समोरून क्रॉसमेंबरपर्यंत (इंजिनखालच्या आडव्या दांड्यापर्यंत) पोचता येत नाही, आधी चाकं फळ्यांवर चढवायची आणि मग लो-प्रोफाइल जॅक सरकवायचा.

चालवताना फरक कळतो का? हो, स्पष्ट कळतो. हायवे २८० वर ताशी सत्तर मैलांच्या आसपास ट्रकच्या बाजूने जाताना नाक जे भिरभिरायचं ते थांबलं, स्टिअरिंगमध्ये वजन आलं. उन्हाळ्यात घाट चढताना टेंपरेचरचा काटा पूर्वीपेक्षा खाली असतो, कारण डॅममागे हवेचा दाब कमी होतो आणि रेडिएटरमधून हवा ओढली जाते. माझ्या डॅमला मध्ये मोठं तोंड आहे, ते बंद असलेला घेऊ नका. बंपरचं वजन गेल्यामुळे पुढची बाजू थोडी वर उठली, स्प्रिंग जुन्याच आहेत, ते नंतर बघेन.

आणि दिसायला, काय सांगू, गॅरेजचं दार उघडलं की अजून मिनिटभर बघत उभा राहतो. निस्सानचे डिझायनर मात्सुओ यांच्या टीमने आखलेलं ते नाक आता अखंड दिसतं. लाँग बीचच्या जपानी क्लासिक गाड्यांच्या शोमध्ये लोक अशाच गाड्यांभोवती का गर्दी करतात ते समजतं.

स्टेनलेस बंपरला पाचपैकी साडेचार, युरेथेन डॅमला चार, कन्व्हर्जन ब्रॅकेटला तीन, कारण त्यांच्यावरचा रंग वरवरचा होता, लावायच्या आधी घासून परत प्रायमर मारून घ्या. कुणी इंडियात गाडी रिस्टोर करत असेल आणि इथून माल न्यायचा विचार असेल तर डॅम गुंडाळून नेता येईल असं समजू नका, तो मोठ्या खोक्यातच जातो आणि घडी घातली तर वळ कायमचा राहतो. बंपर मात्र तुकड्यांत असल्याने सोपा. मोठा जुना बंपर, शॉक आणि भाते फेकू नका, ओरिजिनल गाडी ठेवणारे ते शोधत असतात, माझे एका दिवसात गेले.