बहिणाबाई आणि साने गुरुजींच्या पुढचे पुस्तक : खानदेशातील वाचनगटांसाठी तुलनात्मक आढावा

खानदेशात कुणी "काहीतरी चांगले वाचायला सुचवा" असे म्हटले की बहुतेक ठिकाणी पहिली दोन नावे ठरलेली असतात. एक आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे आणि दुसरे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवलेल्या साने गुरुजींचे. सुचवणारा जरा मुरलेला वाचक असेल, तर तो यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांचेही नाव घेतो. या तिन्ही नावांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. अडचण एवढीच आहे की यादी तिथेच थांबते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच सुमारास त्याच गावात त्याला पर्याय म्हणून भरणारे विद्रोही साहित्य संमेलनही झाले. एका गावात दोन मांडव पडले, तरी आपल्या वाचनगटांच्या याद्या बहुधा एकाच मांडवाकडे पाहून तयार होतात.

वर्षभराची पुस्तके ठरवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, मग तो शिक्षकांचा गट असो, महिला मंडळ असो किंवा तालुक्याच्या वाचनालयाची ग्रंथनिवड समिती असो, त्यांच्यासाठी हा आढावा आहे. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लीम, ख्रिस्ती आणि तृतीयपंथी लेखकांची पुस्तके सुचवायची, एवढे ठरले की काम संपत नाही. किंबहुना तिथून ते सुरू होते, कारण प्रत्येक गटात एकाहून अधिक पुस्तके हाताशी असतात आणि पहिले पुस्तक चुकले तर वाचक दुसऱ्याकडे फिरकत नाही. लेखकाची जात किंवा धर्म हे पुस्तक हाती घेण्याचे निमित्त असू शकते, पण सुचवण्याचे कारण त्या पुस्तकाच्या सांगण्यात सापडले पाहिजे. सांगणारा कुठे उभा राहून सांगतो, त्याची भाषा वाचकाला शेवटच्या पानापर्यंत नेते का आणि वाचून झाल्यावर चार माणसांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरते का, या कसोट्यांवर पुढची तुलना केली आहे.

दलित आत्मकथनांत सर्वांत आधी आठवते ते दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), आणि त्याच्या जोडीला लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), ज्याला १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'बलुतं'ची रचना मोठी चलाख आहे. खेड्यातून आलेला दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि शिकून नोकरीला लागलेला दया पवार ती ऐकतो. एकाच माणसाचे हे दोन भाग एकमेकांकडे संकोचाने पाहत राहतात. घरी अहिराणी आणि शाळेत 'शुद्ध' मराठी अशी दुहेरी जिंदगी ज्यांनी काढली आहे, त्यांना हा संकोच समजावून द्यावा लागत नाही. 'उपरा'मध्ये गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणारे आणि टोपल्या विणून पोट भरणारे कैकाडी कुटुंब आहे, पोराला शाळेत घातले म्हणून बापाला धारेवर धरणारी जातपंचायत आहे. त्यातील कैकाडी शब्द आरंभी अडवतात. तरीही तरुण वाचकांच्या गटाला मी 'उपरा' आधी देईन, कारण त्यात प्रसंगामागून प्रसंग घडत जातात आणि शाळा हे त्याचे खरे रणांगण आहे. 'बलुतं' मात्र थोडा अनुभव गाठीशी असलेल्या वाचकाला अधिक देते. महाविद्यालयातील मुलांना लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) द्यावे का, असा प्रश्न येतो. द्यावे, पण आधी १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा काय होता हे पाच मिनिटे सांगून मग द्यावे. एखाद्या जमातीत जन्मलेल्या प्रत्येकाला कायद्यानेच गुन्हेगार ठरवले जात होते आणि तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, हे ठाऊक नसलेला वाचक त्या पुस्तकातील चोऱ्यांच्या वर्णनाकडे करमणूक म्हणून पाहण्याचा धोका आहे.

महिला मंडळांसाठी मात्र निवड अधिक काळजीने करावी लागते, आणि इथे दोन पुस्तकांमधील फरक फार बोलका आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली. बेबीताई फलटणच्या; घरच्यांच्या नजरेआड लिहून ठेवलेले कागद त्यांनी अनेक वर्षे दडवून ठेवले होते. त्यांच्या पुस्तकात 'मी' फारसा नाही. 'आम्ही' आहे. महारवाड्यातील भूक, देवाला सोडलेला पोतराज, अंगात येणे, सासूने कोवळ्या सुनेचा केलेला छळ, आणि मग आंबेडकरांच्या सभेनंतर बदललेले घर, हे सारे एका वस्तीच्या तोंडून आल्यासारखे वाटते. अत्याचार फक्त गावाकडून वस्तीवर झाला असे त्या लिहीत नाहीत. वस्तीच्या आत बाईवर काय गुदरले, तेही त्या तितक्याच निर्भीडपणे मांडतात. ज्या वाचकाला बहिणाबाईंची गाणी मुखोद्गत आहेत, त्याला अक्षरओळख नसलेल्या बाईच्या तोंडून मोठे साहित्य येऊ शकते हे पटवावे लागत नाही. त्यामुळे जेमतेम शाळा शिकलेल्या बेबीताईंची बोलीतील वाक्ये त्याच्या कानाला परकी वाटणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

'आयदान'मध्ये कोकणातल्या फणसवळ्यापासून मुंबईतल्या संसारापर्यंत एका बाईचा सलग प्रवास आहे. टोपल्या विणून घर चालवणारी आई, कार्यालयातील नोकरी, लग्नानंतर एम. ए. करायला निघालेल्या बायकोविषयी नवऱ्याच्या मनात दाटत जाणारी अढी आणि तरुण मुलाचा मृत्यू, हे लेखिका आवाज न चढवता सांगते. यातील नवऱ्याचे पात्र फार बारकाईने उतरले आहे. तो खलनायक नाही; पुरोगामी आहे, चळवळीला मान देणारा आहे, आणि तरीही ताट वाढायला उशीर झाला की त्याचा सूर बदलतो. नोकरी आणि घर दोन्ही सांभाळणाऱ्या जळगाव-धुळ्यातील कोणत्याही शिक्षिकेला हा माणूस ओळखीचा वाटेल, मग ती कोणत्याही जातीची असो. म्हणूनच पहिल्यांदाच दलित लेखिका वाचणाऱ्या गटाला मी 'आयदान' सुचवतो. 'जिणं आमुचं' हे दोहोंतील अधिक धाडसी पुस्तक आहे, अशी माझी धारणा आहे, पण ते दुसऱ्या फेरीत वाचले तर अधिक भिडते. पहिल्याच फेरीत दिले तर वाचक "पूर्वी फार वाईट होते" असे म्हणून हात झटकून मोकळा होतो. शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आकाराने लहान आहे, आणि दर महिन्याला जाड पुस्तक वाचून होत नाही असे कबूल करणाऱ्या गटासाठी ते उत्तम.

आदिवासी लेखनाकडे वळल्यावर खानदेशातील वाचकाला खरे तर दूर जावेच लागत नाही, आणि नेमके इथेच आपल्या याद्या सर्वांत कोऱ्या असतात. कुणी सुचवलेच तर कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) सुचवली जाते. कादंबरी म्हणून ती भक्कम आहे. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर राखीव जागांवर निवडून आलेल्या महिला सरपंचांचे काय होते, ग्रामसभेत कोण बोलते आणि कोण कोपऱ्यात उभे राहते, अविश्वास ठराव कसा आणला जातो, स्वयंसेवी संस्था स्वतःच कशा बेगडी असू शकतात, हे सारे तिच्यात तपशिलाने येते. परंतु सांगणारी प्रफुल्ला ही बाहेरून आलेली, शहरी, सुशिक्षित बाई आहे. लेखिकेला याचे पुरते भान आहे, म्हणून तो कादंबरीचा दोष ठरत नाही. तरी आदिवासी लेखक वाचल्याचे समाधान 'ब्र' वाचून कुणी करून घेऊ नये.

दुसऱ्या बाजूला नंदुरबार जिल्ह्यातील वाहरू सोनवणे आहेत. शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून घडलेला हा भिल्ल कवी भिली आणि मराठी अशा दोन्ही भाषांतून लिहितो. 'गोधड' हा त्यांचा संग्रह १९८७ सालचा. त्यांची 'स्टेज' ही छोटी कविता या संपूर्ण आढाव्याचा प्रश्न मोजक्या ओळींत मांडते. आम्हाला मंचावर कुणी बोलावले नाही, आम्ही खाली बसून राहिलो, वर उभे असलेले आमचीच दुःखे आम्हाला सांगत राहिले, आणि शेवटी ती दुःखे आमचीच राहिली, असा तिचा आशय आहे. 'ब्र' वाचून झालेल्या गटाने त्याच बैठकीत ही कविता मोठ्याने वाचावी. कादंबरीतील प्रफुल्ला मग निराळी दिसू लागते. धुळे-नंदुरबारच्या सत्यशोधक चळवळीत काम केलेल्या नजुबाई गावित यांची 'तृष्णा' ही आत्मकथनाच्या अंगाने जाणारी कादंबरीही याच पट्ट्यातील आहे. आदिवासी घरातील बायांचे कष्ट आणि न संपणारी भूक हा तिचा गाभा आहे. रचनेच्या सफाईत ती 'ब्र'च्या मागे आहे हे मान्य करावे लागेल, परंतु मजुरीचा दिवस कसा सुरू होतो आणि चुलीपाशी कसा संपतो याचे तिच्यातील ज्ञान बाहेरून जाऊन मिळवलेले नाही. दोहोंतून एकच पुस्तक घ्यायचे असेल, तर नाशिक-पुण्याच्या गटाला मी 'ब्र' म्हणेन आणि शहादा, तळोदा, साक्री, शिरपूर इथल्या गटाला 'तृष्णा'. कारण साधे आहे. ज्या माणसांविषयी ते पुस्तक आहे, ती आपल्या आठवडे बाजारात भेटतात, ऊसतोडीला आणि केळीच्या बागांत कामाला येतात, आणि त्यांच्यापैकी कुणी लिहिले आहे हे आपल्याला ठाऊक नसावे, ही गोष्ट शोभणारी नाही.

धर्माच्या अंगाने विचार केला तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि हमीद दलवाई यांची 'इंधन' (१९६५) ही दोन पुस्तके समोर येतात. 'स्मृतिचित्रे'विषयी नव्याने सांगावे असे थोडे आहे. चार भागांत १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीतील सर्वांत खेळकर गद्यांपैकी एक आहे. बाजारातून आलेली वस्तू न् वस्तू धुवून घेणारे सोवळ्याचे वेड वडिलांना लागले होते, ते घर एकीकडे आणि नवऱ्यापाठोपाठ काही वर्षांनी स्वतः विचार करून ख्रिस्ती झालेली बाई दुसरीकडे, एवढे अंतर ती हसत हसत कापते. 'इंधन'मध्ये हसू नाही. मुंबईहून पंधरा वर्षांनी कोकणातील आपल्या गावी परतलेला मुस्लीम नायक आपल्याच घरातील आणि गावातील ताण पाहत जातो, आणि हिंदू-मुस्लीम तेढ कशी साचत साचत पेटते, ते लेखक कुणालाही पाठीशी न घालता दाखवतो. वयस्कर वाचकांच्या गटात 'स्मृतिचित्रे' हमखास रंगते. 'इंधन' वाचायचे असेल तर एकमेकांना पुरते ओळखणाऱ्या आणि मतभेद झाल्यावरही पुढच्या बैठकीला येणाऱ्या गटानेच ते आधी घ्यावे. आणखी एक सावधगिरी इथे आणि वरच्या सर्वच पुस्तकांबाबत लागू आहे. गटात त्या समाजाचा एखादाच सदस्य असेल, तर "तुमच्याकडे खरंच असं असतं का?" असे विचारून संपूर्ण चर्चेचे ओझे त्याच्या किंवा तिच्या खांद्यावर टाकू नये, पुस्तक आपण सुचवले आहे, उत्तरेही आपणच पुस्तकात शोधावीत.

'मी हिजडा... मी लक्ष्मी!' (२०१२) हे लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन वैशाली रोडे यांनी शब्दांकित केले आहे, त्यामुळे ते बोलल्यासारखे वाचले जाते आणि वाचनाची सवय नसलेल्या वाचकालाही दोन-तीन बैठकांत संपवता येते. तृतीयपंथी व्यक्तींना मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४चा; पुस्तक त्याच्या आधीचे आहे, हे सांगून ते द्यावे. साहित्यगुणांत ते 'आयदान'च्या जवळपासही जात नाही, पण ज्या गटाने हा विषय कधी काढलाच नाही, त्याच्यासाठी याहून सोपी सुरुवात मला ठाऊक नाही.

पुस्तक सुचवताना वापरलेले वाक्यही निर्णयाइतकेच महत्त्वाचे असते. "हे एका दलित लेखिकेचे पुस्तक आहे, वाचायला हवे" असे म्हटले की वाचक ते कर्तव्य म्हणून नेतो आणि वाचनालयाची मुदत संपताच न उघडता परत करतो. "बायको एम. ए. करू लागते तेव्हा घरात काय काय होते, ते यात आहे" असे म्हटले की तोच वाचक पुस्तक घरी नेऊन त्या रात्री उघडतो. वर्षात सहा बैठका होणाऱ्या सर्वसाधारण गटासाठी माझा क्रम असा राहील : 'आयदान', मग 'उपरा', त्यानंतर पावसाळ्यात 'स्मृतिचित्रे', चौथ्या बैठकीला 'तृष्णा' आणि तिच्या जोडीला सोनवणे यांच्या कविता, पाचव्या बैठकीला 'जिणं आमुचं' आणि गट तोवर टिकला असेल तर सहाव्या बैठकीला 'इंधन'. आदिवासी लेखकांची पुस्तके गावातील दुकानात मिळतीलच असे धरून चालू नये. तिसऱ्या बैठकीच्या आधीच ग्रंथपालांकडे मागणी नोंदवून ठेवावी, आणि एकच प्रत हाती आली तर ती घरोघर फिरवण्याऐवजी बैठकीतच आळीपाळीने मोठ्याने वाचावी.